ठेवून घेतलेला हात

गॅरेजवाल्याने किल्ली पुढे केली आणि ती घ्यायला तिचा हात पुढे होईना. किल्ली तिच्याच स्कूटरची होती, ब्रेकचं काम ठरल्याप्रमाणे झालं होतं. पण किल्ली धरलेला तो हात तिच्या आईचा होता. निळा, तेलाने माखलेला, मनगटाशी गुंडाळी झालेला, तरी आईचाच. तळवा तसाच रुंद, बोटं तशीच मुळाशी जाड आणि टोकाला निमुळती, आणि करंगळी शेवटच्या पेरापाशी आत वळलेली. बाकीची बोटं पुढे जायला तयार आहेत आणि ही एकटी नको म्हणते आहे, अशी. आई घरी पलंगावर होती. तिला सांभाळणाऱ्या मावशींच्या ताब्यात देऊन ती आत्ताच तर निघाली होती.

"घ्या ना," गॅरेजवाला म्हणाला. "चावत नाही."

तिने किल्ली घेतली. त्याने हातमोज्याची कड धरून हात ओढून काढला, आणि आतून निघाला तो साधा, काळसर, सरळ बोटांचा पुरुषी हात. त्यातली करंगळी मात्र पांढरीफटक पडली होती, बराच वेळ पाण्यात राहिल्यासारखी सुरकुतलेली, आणि पेरावरची कातडी सुटत होती. काढलेला हातमोजा फळीवर पडला होता. आत कोणी नसतानाही त्याने करंगळी वाकवलेलीच होती.

"तुमच्याच कारखान्याचे हे. गळ्यातला बिल्ला दिसला म्हणून बोलतो हं, राग नका मानू. पार्ट धुवायला पेट्रोलात हात घालतो, तर चार बोटं ठणठणीत कोरडी आणि हिची ही गत. एकटीशीच काय दुश्मनी तुमची?"

"बघते मी."

"बघणारं कोण असतं हो तिथे? आंधळं आहे का?"

"मीच असते," ती म्हणाली. "तपासणी माझ्याकडे आहे."

तो मोठ्याने हसला. "मेलो! बरं, मग हे घेऊनच जा. मला नवीन द्या, म्हणजे झालं."

तिने ते हातमोजे पिशवीत घालून स्कूटरच्या डिकीत ठेवले. रस्ताभर, सिग्नलला थांबताना, वळणं घेताना, सीटखाली काहीतरी हलकेच सरकत असल्यासारखं तिला वाटत राहिलं. पण तिला सगळ्यात विचित्र वाटत होती ती गोष्ट वेगळीच होती. हा हात ती रोज बघत होती. कारखान्याच्या साखळीवर तो शेकड्यांनी लटकलेला असे. त्या करंगळीचा बाक दोष असू शकतो हे आजवर तिच्या मनात आलं नव्हतं, कारण हात म्हणजे असाच असतो, अशी तिची कुठेतरी आत, शिक्षणाच्याही आधीची, समजूत होती.

ती लहान असताना आई याच कारखान्यात काढणीवर होती. चिनी मातीचे पांढरे हात साखळीला लटकून येतात, बोटं खाली करून पातळ निळ्या रबरात बुडतात, वर येताना उलटे होतात म्हणजे थेंब सगळीकडे पसरावेत, आणि भट्टीतून जाऊन शेवटी उभ्या रांगेने बाहेर पडतात. तिथे बायका उभ्या असतात. कड गुंडाळायची, हवा सोडायची, आणि एका हिसक्यात मोजा ओढून काढायचा. खालचा पांढरा हात पुन्हा उघडा होऊन पुढे जातो. एकदा नवे साचे करायचे ठरले तेव्हा मधल्या मापाचा हात हवा होता. कारागिराने बायकांचे हात पारखले आणि आईचा उजवा हात निवडून प्लास्टरमध्ये घेतला. त्या संध्याकाळी आई घरी आली ती नखांच्या कडांत पांढरं घेऊन. जेवताना म्हणाली, "आज माझा हात ठेवून घेतला त्यांनी."

"मग हा कोणाचा?" दादाने विचारलं होतं. तो मोठा होता, त्याला गंमत कळत होती.

"हा उसना आणलाय. मागायला आले की द्यायचा."

दादा पोट धरधरून हसला. ती हसली नाही. रात्री अंथरुणावर तो उसना हात तिच्या अंगावरून गेला तेव्हा ती श्वास रोखून पडून राहिली आणि मग हळूच उठून आईच्या दुसऱ्या अंगाला, डावीकडे जाऊन निजली. तेव्हापासून तिची ती बाजू ठरून गेली. पुढे कारण विसरलं, बाजू तेवढी राहिली. रस्त्याने चालतानाही ती आईच्या डाव्या हाताला असे. कॉलेजात विज्ञान शिकून याच कारखान्यात तपासणीला लागली तेव्हाही दोघी तशाच चालत यायच्या. पहिल्याच आठवड्यात तिने साखळीच्या टोकाशी आईला बघितलं होतं, आपल्याच हातावरून मोजे ओढून काढताना, एकामागून एक, मान वरही न करता. "कंटाळा नाही येत गं?" तिने विचारलं होतं. "आपलीच कातडी सोलायची," आई म्हणाली, "कंटाळा कसला त्यात?" आजूबाजूच्या बायका खिदळल्या होत्या.

रविवारी दादा येणार होता, आणि रविवार आता परवावर आला होता. आईच्या मेंदूत गुठळी अडकली त्याला वर्ष होत आलं. उजवी बाजू गेली. पाय लोळागोळा झाला आणि हात उलट मिटला, असा की मूठ उघडायला गेलं तर आई ओरडे. शब्द राहिले होते, पण माळ तुटल्यावर मणी घरंगळावेत तसे सुटे. दुपारी मावशी कशीबशी अर्धी वाटी भरवत. संध्याकाळी मात्र रोज तोच प्रसंग. ती कामावरून यायची, पलंगाजवळच्या खोक्यातून कारखान्याचेच निळे हातमोजे ओढून घालायची, आईला पुसायची, कपडे बदलायची, कोमट तेल लावायची आणि मग सूप भरवायला बसायची. आई तिच्या तोंडाकडे बघतच नसे. हातांकडे बघे. ओठ घट्ट मिटून घेई, चालत्या डाव्या हाताने ढकलून देई, आणि म्हणे, "परत आणला." कधी, "नको. घेऊन जा." सूप उशीवर सांडे. गालांची हाडं वर येत चालली होती. डॉक्टरांनी नाकातून भरवायच्या नळीचं नाव काढलं होतं, आणि दादाने फोनवर आजारी माणसं ठेवून घेणाऱ्या संस्थेचं. "तुला जमत नाहीये, यात कमीपणा काय आहे? तिथे सगळी सोय असते. मी रविवारी येतो, बघू, आणि ठरवून टाकू." नाही म्हणायला तिने तोंड उघडलं होतं. पण उशीवरचा डाग तिला समोर दिसत होता, आणि तिने फोन ठेवून दिला होता.

"माझ्या हातचं खातात की थोडं," मावशी म्हणायच्या. "तुमचंच काय वाकडं आहे कळत नाही."

"तुम्ही हातमोजे का नाही घालत, मावशी?"

"घाम येतो नुसता. आणि माझे हात काय सोन्याचे लागून गेलेत?"

तिचे हात दिवसभर तेलात आणि द्रावकात असायचे. बोटांना बारीक भेगा पडल्या होत्या, वास जाता जात नव्हता. म्हणून मोजे, असं तिने स्वतःला सांगून ठेवलं होतं आणि ते खोटंही नव्हतं.

लॅबमध्ये आल्यावर तिने गॅरेजवाल्याचे मोजे टेबलावर काढून ठेवले आणि बराच वेळ नुसती बघत राहिली. या कृत्रिम रबराचं सगळं मोल ते काय आत येऊ देत नाही यात होतं. झाडाच्या चिकाचं रबर तेलात टाकलं की फुगतं, मऊ पडतं, शेवटी चिंधी होतं. हे तेल पीत नाही. म्हणून पेट्रोल पंपाची नळी याची, इंजिनातलं तेल अडवणाऱ्या कड्या याच्या, छापखान्यातले शाईचे रूळ, तेलकट यंत्रांमधले पट्टे, आणि हातमोजे. तिचं काम एवढंच की मोज्यातून पट्टी कापायची, वजन करायचं, तापलेल्या तेलात बुडवून ठेवायची, काढून पुसून पुन्हा वजन करायचं. वजन वाढलं नाही म्हणजे आत काही शिरलं नाही. आत काही शिरलं नाही म्हणजे उत्तीर्ण. आईला दवाखान्यात नेलं त्या दिवशी सगळे म्हणाले होते, पोरगी किती खंबीर. गाडीत आईच्या डाव्या अंगाला बसून ती बाटलीतून पडणारे थेंब बघत होती. घरी आल्यावर तिने हात धुतले, कुलूप लावलं, घड्याळाला गजर लावला. दोन वजनांमध्ये काही फरक पडलेला नव्हता.

पट्टी नेहमी तळव्यातून कापायची, तसा नियम होता. करंगळीतून पट्टी निघतच नाही, ती फार अरुंद. त्यामुळे करंगळीला आजवर कोणी काही विचारलं नव्हतं. तिने आजच्याच उत्पादनातला एक नवा मोजा घेतला, त्यात पार्ट धुवायचा द्राव भरला, बाहेरून कोरडा पुसला आणि खाली पांढरा टिपकागद ठेवून टांगला. पाण्याचा थेंबही गळाला नसता. भोक कुठेच नव्हतं. पण जेवणाची सुट्टी होईतो कागदावर एका बोटाखाली एक फिकट कडं उमटलं होतं. बाकीचा कागद स्वच्छ. मोज्यात हवा भरून तिने तो खिडकीशी धरला, तर वळलेल्या पेराच्या पाठीवर निळा रंग जवळजवळ पांढरा झाला होता. गेल्या वर्षी गिऱ्हाइकांनी पातळ मोजे मागितले म्हणून थर कमी केला होता. जाड थरात जे झाकलेलं होतं ते आता उघडं पडलं. वाकलेल्या सांध्यावरून ओलं रबर ओघळून खाली जात होतं आणि तिथे नावापुरता पापुद्रा उरत होता. फुगलेला मोजा खिडकीत हलत होता. बाहेरच्या कोणाला वाटलं असतं, आतलं माणूस हाक मारतंय.

साखळीवर पहिलवान होता. हवा आली तर उडून जाईल अशा अंगकाठीचा, म्हणून पहिलवान; आईच्या हाताखाली काम शिकून आता लाइनचा प्रमुख झालेला.

"पहिलवान, या साच्यांची करंगळी वाकडी आहे?"

"थट्टा करता का, ताई?"

"नाही. सांगा."

"पहिल्यापासून वाकडी आहे. आम्हाला वाटायचं तुम्हाला ठाऊक असेल. तुमच्याच आईचा हात ना तो! जुने साचे फुटले की त्याच मुळावरून नवे होतात, म्हणजे बाक तोच. नव्या पोरांना आम्ही सांगतो, गुपचूप काम करा, बाई बघतायत."

ते हात भट्टीतून बाहेर येत होते, बोटं वर करून, ओळीने, आणि एकूणएक करंगळी तिच्याकडे किंचित वळलेली होती. तिने थांबायला सांगितलं. साखळी थांबली, हात थोडे झुलले, स्थिर झाले. तिने हातातला लॅबचा मोजा काढला आणि जवळचा, नुकताच सोललेला एक साचा धरला. त्याला भट्टीची ऊब होती, ताप उतरत आलेल्या माणसाची असते तेवढी. तिच्या तळव्यात तो तळवा बरोबर बसला. आणि मग तिच्या लक्षात आलं की हा हात तिच्यापेक्षा लहान आहे, मापाने नाही, वयाने. ज्या बाईचा हात प्लास्टरमध्ये घेतला ती आजच्या तिच्याहून कितीतरी तरुण होती. घरी मूठ मिटून म्हातारी पडली होती, आणि ही इथे इतकी वर्षं उघड्या हाताने ताठ उभी होती, रोज बुडत, रोज भाजत, कोणीतरी येऊन धरील म्हणून.

"उतरवा," ती म्हणाली.

"सगळे? मालक माझं डोकं फोडतील."

"मी सांगितलं म्हणून सांगा. गोदामात बाहेरून मागवलेले सरळ बोटांचे आहेत, ते लावा."

नाकारलेले साचे त्याच दिवशी फोडायचे, ही तिथली रीत होती. पूर्वी एकदा ते कोपऱ्यात रचून ठेवले होते आणि कोणीतरी नकळत पुन्हा साखळीला चढवले होते. मागच्या आवारात लोखंडी पिंप होतं, त्याच्याशी हातोडी. पण साचे गाडीवर रचून आणल्यावर कोणी हातोडी उचलेना.

"पहिला तुम्ही," पहिलवान जमिनीकडे बघत म्हणाला. "आम्हाला त्यांनी काम शिकवलंय."

तिने एक हात पिंपाच्या कडेवर आडवा ठेवला आणि मनगटावर घाव घातला. आवाज बशी फुटावी तेवढाच झाला. आतून हात पोकळ होता, हे तिला माहीत होतंच, तरी तिने वाकून आत बघितलं. करंगळी तुटून तिच्या पायाशी आली होती. ती तिने उचलून खिशात टाकली. मागे बाकीच्यांनी सुरुवात केली तेव्हा ती निघाली, पण तो आवाज लॅबपर्यंत येत राहिला. आणि प्रत्येक आवाजाला तिला वाटे, आता घरून फोन येईल. फोन आला नाही.

घरी मावशी चप्पल घालूनच उभ्या होत्या. "आज दुपारपासून हाताकडे टक लावून बसल्यात. मी निघते."

सवयीने तिने हात धुतले, सवयीने खोक्यातून मोजे ओढले. दिव्याखाली आईकडे हात नेला आणि आईच्या डोळ्यांत तो तिला पहिल्यांदा दिसला. हवेतून एक निळा हात येत होता, करंगळी वळवलेला. आई अंग चोरून मागे सरकू बघत होती.

"परत आणला," आई म्हणाली. मग प्रयत्नाने, एकेक मणी वेचून, "ठेवून घेतला होता ना? मग रोज का आणता? मी... नाही घेणार."

आणता. आई तिला 'गं' म्हणे, 'अगं' म्हणे, रागावली की 'बये' म्हणे. हे 'तुम्ही' दुसऱ्या कोणाला होतं, तिच्या मागे, दाराशी उभ्या असलेल्या कोणाला तरी. तिने मान वळवली नाही. गेलं वर्षभर ती रोज संध्याकाळी या खोलीत येत होती, आणि आईला दिसत होता तो फक्त हात, आपलाच, निळा पडलेला, परत करायला आणलेला. तिने मोजे सोलून काढले. ते उलटे होऊन निघाले, उजव्याचा डावा झाला. मग तिने आपला भेगाळलेला, द्रावकाचा वास मारणारा हात आईच्या गालाला लावला. किती गार होता गाल. आईने नाक फुगवून वास घेतला. डोळे हातावरून वर सरकले, मनगट, कोपर, खांदा, करत तोंडावर येऊन थांबले.

"तू होय," आई म्हणाली. "कधी आलीस?"

"आत्ताच," ती म्हणाली.

आईने सूप घेतलं. मधे ठसका लागला, पुन्हा घेतलं, आणि वाटी कलती करून शेवटचा चमचा भरेपर्यंत ओठ मिटले नाहीत. परवा दादा येईल तेव्हा काय बोलायचं ते तिला आता ठाऊक होतं; आई इथेच राहील, एवढंच, बाकी काही नाही. तिने तेल कोमट केलं आणि लहानपणच्या त्या रात्रीनंतर पहिल्यांदा आईच्या उजव्या बाजूला जाऊन बसली. मिटलेली मूठ तिने मांडीवर घेतली, मनगट सैल केलं, तेल सोडलं, बोटांवर जोर न देता नुसती ऊब देत राहिली. आई ओरडली नाही. पुष्कळ वेळाने अंगठा सुटला, मग एकेक बोट. शेवटी करंगळी. ती उलगडली आणि उलगडत राहिली, पूर्ण, बाकीच्या बोटांशी सरळ रेषेत येऊन थांबेपर्यंत.

तिने पेर चाचपलं, साचा तपासावा तसं, चारी बाजूंनी. गाठ नव्हती, उंचवटा नव्हता. हाडाला मुळातला बाक असेल तर बोट असं उलगडत नाही. तिने खिशातून चिनी मातीची करंगळी काढून शेजारी धरली. लांबी तीच, नखाचा घाट तोच. एक वाकडी, एक सरळ.

"आई, तुझी करंगळी सरळ आहे."

"मग?" आई म्हणाली. मग थोडं थांबून, "ते पांढरं... गरम झालं गं. चटका. हलू नका म्हणाले."

प्लास्टर घट्ट होताना तापतं, हे ती शाळेत शिकली होती.

"मग?"

"नाही हलले. एवढंच," आणि आईने डाव्या हाताची करंगळी शेवटच्या पेरात किंचित वाकवून दाखवली, "एवढंच हललं."

खोलीत कुठेतरी रबर आकसल्याचा बारीक आवाज झाला. केस विंचरणारी आईची वाकडी करंगळी, दप्तराचा बंद बांधणारी वाकडी करंगळी, तव्याशी, पाण्याच्या घागरीशी, दाराच्या कडीवर, ती सगळी तिला अजूनही स्पष्ट आठवत होती, आणि यातलं काहीही कधी घडलेलं नव्हतं. चटका बसलेल्या एका क्षणाचा तो हात होता. तोच तिने जन्मभर आई म्हणून जपला होता. मांडीवर जो होता, सुरकुतलेला, सरळ बोटांचा, तळव्यावर मूठ मिटल्याने नखांच्या खुणा पडलेला, तो तिने आधी कधी पाहिलेला नव्हता.

तिने आपली बोटं त्या तळव्यात ठेवली तशी मूठ पुन्हा मिटू लागली, सावकाश, भट्टीतल्या गोष्टी आकार धरतात तशी, आणि तिच्या बोटांभोवती आवळत गेली.

"आई, जरा सैल सोड ना. दुखतंय."

"मी कुठे धरलंय?" आई डोळे मिटून म्हणाली, आणि ते खरंच होतं.

तिने हात ओढून घेतला नाही. मुठीच्या आत कोमट तेल होतं, ते तिच्या बोटांच्या भेगांमध्ये हळूहळू शिरत होतं, आणि झोंबत होतं.